भिंती प्वेब्लोंच्या, खापरं अपाचींची

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लेक स्कॉटच्या दरीत सात खोल्यांच्या एका दगडी घराचे अवशेष आहेत. खाली दार नाही. शिडीने धाब्यावर चढायचं आणि तिथून आत उतरायचं. ही बांधणी न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो या मूलनिवासी लोकांची. त्यांची ताओस, पिकुरिस ही गावं इथून साडेचारशे किलोमीटरहून लांब. सतराव्या शतकात स्पॅनिश जाचाला कंटाळून त्यातली काही कुटुंबं मैदानातल्या अपाची या दुसऱ्या मूलनिवासी जमातीच्या आसऱ्याला आली. स्पॅनिश कागदपत्रांतलं ‘एल क्वार्तेलेहो’ ते हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १६९६ मध्ये पळालेल्या पिकुरिसांपैकी ६२ जणांना हुआन दे उलिबारी या स्पॅनिश अधिकाऱ्याने १७०६ मध्ये परत नेलं.

कॅन्सस विद्यापीठाच्या विलिस्टन आणि मार्टिन यांनी १८९८ मध्ये हे घर उकरलं, तेव्हा जळका मका सापडला. पण परिसरात निघणाऱ्या वस्तू बहुतांशी अपाची वळणाच्या आहेत: पातळ, करड्या-काळ्या भांड्यांची खापरं, बायसनच्या (रानबैलाच्या) खांद्याच्या हाडाची खुरपी, कातडं खरवडायची दगडी हत्यारं. मग प्वेब्लो माणसं या पसाऱ्यात शोधायची कुठे?

उत्तर थोड्याशा लाल खापरांत आहे. भाजण्याआधी भांड्याला पातळ लाल मातीचा हात द्यायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचं, ही प्वेब्लो रीत. असं भांडं व्यापारातून आलं की इथेच घडलं, हे नुसत्या नजरेला कळत नाही. म्हणून खापराची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून ती सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. रेतीचे कण, अभ्रक, ज्वालामुखी राख यांची जात स्थानिक मातीशी जुळवून पाहतात. त्यात एक फसगत संभवते: मातीत मिसळायची रेती कुंभारीण सोबत आणू शकते. त्यामुळे मातीची रासायनिक चाचणीही करावीच लागते. दोन्ही चाचण्या स्थानिक मातीकडे बोट दाखवतात आणि रीत मात्र प्वेब्लो असते, तेव्हा ती घडवणारी बाई इथेच राहत होती, असं म्हणायला भक्कम आधार मिळतो. आणि हा पुरावा मला भिंतींपेक्षा मोलाचा वाटतो. भिंत एकदाच उभारतात. मडकं फुटलं की नवं घडवावं लागतं.

कालमापन मात्र जिकिरीचं. साधारण १६५० नंतरच्या काळात रेडिओकार्बनचा (अवशेषातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायचा) आलेख इतका वरखाली होतो की एकाच नमुन्याला दोन-तीन वेगवेगळे कालखंड लागू पडतात. जुन्या वाळक्या लाकडाचा कोळसा घेतला, तर वय आणखी मागे सरकतं. त्यापेक्षा एका हंगामात पिकलेला मक्याचा जळका दाणा बरा.