पार्श्वभूमी: पबजीवरची बंदी कशासाठी होती?

मुलं दिवसभर मोबाईलमधल्या दुनियेत असतात, हा विषय गोव्यात निघाला की कुणीतरी पबजी या मोबाईलवरच्या लढाईच्या खेळाचं उदाहरण देतंच. सरकारने तेव्हा बंद करून दाखवला, मग आता का नाही? या प्रश्नात एक मोठा गैरसमज दडलेला आहे आणि तो दूर झाल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी हा खेळ म्हणजे घराघरात शिरलेला राक्षस असल्याचं सांगून गोव्यात त्यावर निर्बंध आणणारा कायदा हवा, अशी मागणी केली. मुलं अभ्यास सोडून खेळतात, हे त्यांचं कारण होतं. पुढच्याच महिन्यात राजकोटमध्ये पोलिसांनी खेळावर बंदी घालून तरुणांना पकडलं. गोव्यात मात्र तसा कायदा झाला नाही.

2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राने पबजीसह 118 अ‍ॅप्स बंद केली, ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 69अ कलमाखाली. कारण दिलं ते देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण आणि माहितीची सुरक्षितता. गलवानमध्ये चीनशी झालेल्या चकमकीला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मुलांची झोप, अभ्यास किंवा स्वभाव यांचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता. तरीही अनेक पालकांनी ती आपल्या बाजूने झालेली कारवाई मानली. म्हणूनच जुलै 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने भारतात आला तेव्हा त्यांना फसवल्यासारखं वाटलं. या वेळी अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती, दिवसाला तीन तास आणि खर्चाला 7000 रुपयांची मर्यादा होती. ज्या घरात महिन्याचा किराणा एवढ्यात भागतो, तिथे ही मर्यादा म्हणजे मोकळीकच. जुलै 2022 मध्ये तो पुन्हा काढला गेला आणि मे 2023 मध्ये परतला. तीन वर्षांच्या आत इतक्या उलथापालथी झाल्या, पण मुलांचं या दुनियेत काय होतं, हे त्यातल्या एकाही वळणावर केंद्रस्थानी नव्हतं.

अशा दुनिया जुन्याच आहेत. 1978 साली इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात नुसत्या मजकुराची, अनेकांनी एकाच वेळी वावरायची दुनिया तयार झाली. 2003 मध्ये घरं, जमिनी, व्यापार असलेली दुनिया आली. आपल्याकडे हे सगळं फारसं पोचलंच नाही. आपलं खरं वळण 2016 चं, जेव्हा स्वस्त डेटा आला.

महासाथीने त्यात भर घातली. शाळा मोबाईलवर गेली. पालक जो फोन हिसकावून घ्यायचे, तोच त्यांना विकत घेऊन द्यावा लागला. सत्तरी-सांगे तालुक्यांतल्या दुर्गम वाड्यांवरची मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती, तर शहरातली त्याच पडद्यावर वर्गानंतर मित्रांना भेटत होती. तेव्हा मुलांना एकमेकांचा आवाज ऐकवणारी ती एक जागा उरली होती, हे विसरून चालणार नाही. गोव्यात तर याला आणखी एक बाजू आहे. बाप तारवावर, मावशी आखातात, मावसभाऊ इंग्लंडमधल्या स्विंडनला अशी कितीतरी घरं आहेत. खेळातल्या चौघांच्या टोळीत इथले दोघे आणि तिथले दोघे असले की ते नातं टिकतं. नॉर्वेत 2014 साली स्नायूंच्या आजाराने एक तरुण गेला. मुलगा एकटाच जगला, असं आईवडिलांना वाटत होतं. खेळातल्या मित्रांचे संदेश येऊ लागले, काही जण अंत्यविधीला आले, तेव्हा त्यांना त्याचं दुसरं आयुष्य कळलं.

पण किंमतही खरी आहे. मे 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खेळावरचा ताबा सुटण्याला विकाराच्या यादीत घेतलं. 1 जानेवारी 2022 पासून ते लागू झालं. ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी त्याची लक्षणं. घाईने रोगाचा शिक्का मारला जाईल, असा आक्षेप काही अभ्यासकांनी मसुद्याच्या वेळीच घेतला होता. मला तो आक्षेप रास्त वाटतो. रात्री दोनपर्यंत खेळणारं प्रत्येक पोर आजारी नसतं. मात्र सकाळी वर्गात पेंगणारं, संध्याकाळी मैदानावर न दिसणारं, जत्रेच्या नाटकाच्या तालमीला नको म्हणणारं पोर आजारी नसलं तरी काहीतरी गमावत असतं.

दक्षिण कोरियाने 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्र ते पहाटे सहा खेळबंदी केली आणि दहा वर्षांनी ती मागे घेण्याचं ठरवलं, कारण मुलं तोवर मोबाईलवर गेली होती. चीनने 2021 मध्ये मुलांना खेळायला आठवड्याला तीनच तास ठेवले.

भारतात ऑगस्ट 2025 चा कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले, ई-स्पोर्ट्सना, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळांना, मान्यता दिली. गोव्यात मांडवी नदीतले कॅसिनो राज्याच्या 1976 च्या कायद्याखाली येतात, ते चालूच आहेत. आणि पैसे न लावता रात्रभर खेळणाऱ्या मुलाच्या वेळेची जबाबदारी अजून घरावर आणि शाळेवरच आहे.