वरातीतलं गाणं कुणाचं? १९९४ पासूनची भानगड

मागच्या लग्नसराईत दाजींच्या मंगल कार्यालयावर नोटीस आली, गाणी वाजवायचं लायसन घ्या नाहीतर कोर्टात भेटू, आणि तेव्हापासून सांगलीतल्या आमच्या घरात जेवताना दुसरा विषयच नाही. सगळ्यांना वाटतंय हे काहीतरी नवीन काढलंय. नवीन वगैरे काही नाही, गाठ कॉपीराइट कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीत बसलीय.

कायदा १९५७ चा. त्यात ‘संगीतकृती’ म्हणजे काय तर छापलेली, लिहून काढलेली चाल. म्हणजे मिरजेच्या तंबोऱ्यावर एखाद्या खाँसाहेबांनी बांधलेली बंदिश कागदावर नसेल तर १९९४ पर्यंत कायद्याच्या लेखी संगीतच नव्हती! आणि इथं तर सगळं गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात. १९९४ ला ती अट काढली, नोटेशन असलं तर असलं.

तिकडं अमेरिकेत जुन्या गाण्यांपुरता कागद अजून सुटलेला नाही. २०१५ ला लॉस एंजेलिसच्या कोर्टात गाजलेली केस झाली, मूळ गाणं १९७७ चं, त्यामुळं हक्क फक्त सरकारदरबारी जमा केलेल्या नोटेशनपुरता धरला आणि ज्युरीला मूळ रेकॉर्ड जशीच्या तशी ऐकवायला मनाई. तरी ज्युरीनं ७४ लाख डॉलर लावले, नंतर ते ५३ लाखांच्या आसपास आले. तिथं निकाल ज्युरीच्या कानावर, म्हणजे पारावर बसलेल्या आठ-दहा माणसांना विचारल्यासारखं (मला ही पद्धत काही पटत नाही). १९७६ ला तर न्यूयॉर्कच्या एका जजनी सांगितलं की गायकानं मुद्दाम चोरलं नाही, नकळत चोरलं, तरी चोरीच. लंडनला २०२२ मध्ये तसाच वाद एकट्या जजसमोर चालला आणि त्यांनी मुद्दाम पण नाही आणि नकळत पण नाही म्हणून गायकाला सोडलं. ऑस्ट्रेलियात १९३४ च्या गर्ल गाइड्सच्या स्पर्धेत जिंकलेलं एका शिक्षिकेचं मुलांचं गाणं, त्याच्या दोन ओळींची चाल एका हिट गाण्याच्या बासरीत होती, कुणाच्या लक्षात नव्हतं, टीव्हीवरच्या क्विझमध्ये प्रश्न आला आणि हक्कवाले जागे झाले, २०१० ला ५ टक्के रॉयल्टी मिळाली आणि ती पण २००२ पासूनची. जर्मनीत दोन सेकंदांच्या तुकड्यावरून दोन पिढ्या वकिलांचं पोट भरलंय.

आपल्याकडं चालचोरीच्या केसमध्ये शेवटचा निकाल क्वचितच लागतो, खरी लढाई स्टेची. २००८ ला मुंबई हायकोर्टानं रिलीजच्या तोंडावर सिनेमातली गाणी अडवली आणि निर्मात्यानं २ कोटी देऊन मिटवलं. २०२५ मध्ये दिल्लीत ध्रुपदाच्या रचनेवरून एप्रिलला एका जजनी २ कोटी जमा करायला लावले, सप्टेंबरला दोन जजच्या खंडपीठानं तो हुकूम फिरवला.

आता आमचा मुद्दा. १९९४ ला अजून एक कलम आत आलं, ५२ मधलं झेडए. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत किंवा सरकारी समारंभात गाणं वाजवलं तर हक्कभंग नाही. आणि खाली खुलासा जोडला की धार्मिक विधीत लग्नाची वरात आणि ‘लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ’ पण आले. सगळं घोडं इथं पेंड खातंय. माझ्या मते वाक्य सरळ आहे. देवक बसलं, हळद लागली, अंगणात बेंजो सुरू झाला, करवल्या नाचल्या, दुसऱ्या दिवशी १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त, अक्षता, पंगत, संध्याकाळी रिसेप्शन. ह्यात धर्म कुठं संपला आणि समाज कुठं सुरू झाला ते मांडवातल्या भटजींना पण सांगता यायचं नाही. पण हक्कवाले म्हणतात मूळ कलम धार्मिक विधीचं आहे, खुलासा त्याच्यापेक्षा मोठा होत नाही, आणि डीजेवाला, हॉलवाला, इव्हेंटवाला सगळे पैसे घेतात मग गाणाऱ्यानंच काय घोडं मारलंय. हे शेवटचं जरा लागतं, खरं सांगायचं तर. सिनेमातल्या चालीचा हक्क निर्मात्याचा असं १९७७ ला सुप्रीम कोर्टानं ठरवलं आणि संगीतकार-गीतकारांना रॉयल्टीचा वाटा कायद्यानं मिळायला २०१२ उजाडलं.

मग सरकार मध्ये पडलं. लग्नाला लायसन लागत नाही अशी नोटीस केंद्रानं २०१९ ला काढली, ती २०२२ ला चंदीगडच्या हायकोर्टानं उडवली. २०२३ च्या जुलैत परत तशीच काढली. त्यावरून गोवा सरकारनं जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढलं, पोलिसांनी-हॉलवाल्यांनी काय करायचं ते पण त्यात, आणि ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं ते रद्द केलं. व्हॉट्सॲपवर लगेच फिरलं की लग्नाची सूट गेली. गेली नाही हो! कोर्ट एवढंच म्हणालं की कलमाचा अर्थ परिपत्रकातून वाढवता येणार नाही. कलम होतं तिथंच आहे, आता तुमची संध्याकाळ त्यात बसते का नाही ते तुम्ही कोर्टात जाऊन ठरवून घ्या.

पैसे नेमके कुणी मागायचे हे पण धड नाही. कॉपीराइट सोसायटी (हक्कवाल्यांची सरकारमान्य संस्था) म्हणून नोंदणी नसलेल्या कंपनीला लायसन विकता येत नाही असं मद्रास हायकोर्ट २०२१ ला म्हणालं, गाण्याच्या हक्काची मालक असेल तर येतं असं मुंबईनं जानेवारी २०२५ ला सांगितलं, एप्रिलमध्ये दिल्लीनं तिसरंच काढलं आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्याला थांबवलं.

दाजींनी काय केलं तर वकिलाला विचारून बुकिंगच्या फॉर्मवर रबरी शिक्का मारायला सुरुवात केली, ‘गाण्याचं लायसन पार्टीनं बघावे’. शिक्का भांडी मोजून घेण्याच्या ओळीच्या खाली आहे आणि पार्टी तो न वाचताच सही करते.