मराठवाड्यातील व्हिडिओ गेम

मराठवाड्यातील व्हिडिओ गेम : टीव्ही, संगणक किंवा मोबाइलच्या पडद्यावर खेळायचे खेळ आणि त्यांच्याभोवती मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत रुजलेला करमणुकीचा व्यवहार. यातले बहुतेक खेळ परदेशी आहेत, पण ते खेळायची रीत इथली आहे. खेळणारा एक आणि त्याच्या खांद्यावरून बघत "उडी मार, उडी मार" म्हणून ओरडणारे चार, अशी ही रीत. स्वतःचे यंत्र घेऊन एकट्याने खेळणे इकडे उशिरा आले आणि आजही ते पुरते अंगवळणी पडलेले नाही.

सुरुवात बसस्थानकाजवळच्या आणि टॉकीजलगतच्या गाळ्यांतून झाली. नव्वदच्या दशकात अशा अंधाऱ्या गाळ्यात तीन-चार उभ्या पेट्या असत; रुपयाचे नाणे किंवा दुकानदाराने दिलेले टोकन टाकले की खेळ सुरू. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा या गाळ्यांचा राजा होता, मात्र ते लांबलचक नाव कोणी कधी उच्चारले नाही. त्यातल्या चार पात्रांपैकी टोपीवाला मुस्तफा सर्वांत चपळ, धावत येऊन लाथ घालणारा. पोरांनी अख्ख्या गेमला 'मुस्तफा' करून टाकले. नाणे संपलेला पोरगा घरी जात नसे. तो दुसऱ्याच्या मागे उभा राहून सल्ले देई आणि शेवटच्या 'बॉस'पाशी, म्हणजे सर्वांत दांडग्या शत्रूपाशी, एखादा डाव पदरात पडतो का, याची वाट बघे. शाळा बुडवणाऱ्यांचा अड्डा म्हणून हे गाळे बदनाम होते. मुली तिथे फिरकत नसत, आणि हे चित्र पुढे नेट कॅफेतही फारसे बदलले नाही.

घरात आला तो 'टीव्ही गेम'. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राच्या स्वस्त नकला भारतभर विकल्या गेल्या, त्याच इकडेही पोचल्या. हातातल्या पॅडला रिमोट म्हणत आणि खेळाच्या पिवळ्या डबीला कॅसेट. कॅसेट चालली नाही की ती काढायची, खालच्या खाचेत जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. फुंकरीने नेमके काय होते हे कोणाला ठाऊक नव्हते, पण उपाय एकमताने मान्य होता. मारिओ, रणगाड्यांचा बॅटल सिटी, रोड फायटर आणि कॉन्ट्रा हे ठरलेले खेळ. कॉन्ट्रात वर-वर-खाली-खाली-डावीकडे-उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे-बी-ए असे दाबले की तीस 'लाईफ' मिळतात, ही विद्या मामाच्या गावाला सुट्टीत गेलेली पोरे घेऊन यायची. ज्यांना यंत्र परवडत नसे ते दिवसाच्या भाड्याने आणत. "पिक्चर ट्यूब जाईल" ही वडिलांची धमकी घरोघर सारखीच होती. तिच्याहून खरा शत्रू होता भारनियमन. खेळ मध्ये साठवून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे लाईट गेली की सातव्या लेव्हलवरून थेट पहिलीवर. जोडीला सेलवर चालणारा, विटा रचायचा हातातला ब्रिक गेम होता. त्याला लाईटशी देणेघेणे नव्हते.

दोन हजारच्या दशकात संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या नेट कॅफेंत आणि महाविद्यालयीन वसतिगृहांत बंदुकबाजीचे काउंटर स्ट्राइक आणि आयजीआय, शहरात गाड्या पळवायचा व्हाइस सिटी आणि क्रिकेट ०७ आले. त्यांतला क्रिकेट ०७ विशेष टिकला, कारण नव्या संघांच्या आणि जर्सींच्या फायली पेन ड्राइव्हवरून फिरत राहिल्या.

खरा पालट झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची फोरजी सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाल्यावर. पबजी मोबाइल २०१८ मध्ये आला आणि वर्षभरात गावच्या पारावरची बैठक बदलली. शंभर जण विमानातून उतरतात, शेवटपर्यंत उरेल तो जिंकतो, एवढाच खेळ. पण चौघांचे स्क्वॉड करता येते आणि एकमेकांशी बोलता येते, हे इथल्या मंडळींना नेमके मानवले. मंदिराच्या ओट्यावर, जिथे रेंज पकडते तिथे, चौघे शेजारी-शेजारी बसून डोके खाली घालून बोलत असतात : "काय करायलास बे, कव्हर दे की!" "मी नॉक हाय, रिवाइव्ह दे आधी." (नॉक म्हणजे गोळी लागून पडलेला, रिवाइव्ह म्हणजे त्याला पुन्हा उभे करणे.) ज्यांचे फोन साधे होते त्यांनी त्याच जातीचा फ्री फायर धरला, तो कमी मेमरीच्या फोनवरही चालतो, म्हणून खेड्यांत त्याचेच पारडे जड राहिले. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असते तेव्हा मोटार चालू करून विहिरीवर जागणाऱ्याला या खेळांची सोबत झाली. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीसह ११८ ॲप बंद केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली. पोरे अनुक्रमे बीजीएमआय (पबजीचीच भारतासाठीची आवृत्ती) आणि फ्री फायर मॅक्स (फ्री फायरचीच दुसरी आवृत्ती) यांकडे वळली. पबजी जिंकल्यावर पडद्यावर झळकणारे 'चिकन डिनर' टी-शर्टांवर गेले, आणि 'नूब' (नवशिका) व 'कॅम्पर' (एका जागी दडून बसणारा) या शिव्या गल्ली क्रिकेटमध्येही ऐकू येऊ लागल्या. बाद होण्याच्या भीतीने एकही फटका न मारणारा तो कॅम्पर.

या गदारोळात एका शांत खेळाकडे अभ्यासकांचे लक्ष जात नाही, ते जायला हवे. बस सिम्युलेटर इंडोनेशिया, म्हणजे 'बुसिड', हा २०१७ चा इंडोनेशियन खेळ. त्यात बाहेरून बनवलेली गाडी, म्हणजे 'मॉड', घालता येते. हौशी पोरांनी त्यासाठी एसटीची लालपरी बनवली, एसटीचीच 'परिवर्तन' गाडी बनवली; पुढच्या काचेवरची पाटी, मागची शिडी, भोंग्याचा आवाज सगळे जमवले. रस्ते इंडोनेशियाचे, गाडी मात्र महामंडळाची, आणि पाटीवर आपल्या तालुक्याचे नाव. या खेळात कोणी मरत नाही, कोणी जिंकतही नाही. सिग्नलला थांबायचे आणि प्रवासी उतरवायचे. एसटीच्या खऱ्या गाड्यांची बांधणी करणारी महामंडळाची एक कार्यशाळा संभाजीनगरजवळ चिकलठाण्यालाच आहे, त्यामुळे गाडीचा पत्रा आणि रंग यांबद्दल इथल्या पोरांची नजर चोखंदळ असली तर नवल नाही.

स्वतःला कधीही 'गेम खेळणारा' न म्हणवणारा वर्गही मोठा आहे. २०१६ मध्ये आलेला नवी मुंबईच्या कंपनीचा लुडो किंग २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी शिरला. एकाच फोनभोवती आजी, सून आणि नातवंडे बसत. पुण्याला कामाला गेलेला मुलगा तिकडून सोंगटी हलवी. गाळ्यांनी आणि कॅफेंनी बाहेर ठेवलेल्या बायका-मुली या खेळातून प्रथमच मोठ्या संख्येने आत आल्या.

काळजीची बाजू दोन ठिकाणी ठळक दिसते. लातूर आणि नांदेड ही शिकवण्यांची शहरे. तिथे राहणाऱ्या बारावीच्या मुलाच्या हातातला फोन हा पालकांच्या चर्चेचा कायमचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ११व्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' नोंदवला असला, तरी त्यासाठी रोजचे जगणे बिघडवणारी लक्षणे साधारण १२ महिने टिकलेली असावी लागतात. परीक्षेच्या आदल्या रात्री खेळणे म्हणजे आजार नव्हे. दुसरी बाजू पैशाची, आणि ती अधिक गंभीर आहे. ऑनलाइन रमीसारखे पैसे लावायचे प्रकार गेम या नावाखाली फोनवर आले. आत्ता घालवलेले पुढच्या डावात निघतील या आशेवर त्यात हप्ते नि उसनवारी गेली.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या कौशल्याच्या स्पर्धा) व करमणुकीचे गेम एका बाजूला आणि पैशाचे गेम दुसऱ्या बाजूला अशी विभागणी आहे. पैशाचे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तालुक्याच्या गावी व्हॉट्सॲपवरून भरवल्या जाणाऱ्या 'कस्टम रूम'च्या, म्हणजे आयोजकाने गेममध्ये उघडलेल्या खासगी डावाच्या, स्पर्धा मात्र या विभागणीच्या मधोमध उभ्या आहेत. प्रवेश फी फोनवरूनच घ्यायची, जमलेल्या रकमेतून पहिल्या स्क्वॉडला बक्षीस द्यायचे आणि उरलेले आयोजकाने ठेवायचे, असा त्यांचा हिशेब असतो.