खुलासा : पायथनचं ‘इनपुट’ आकडा ओळखत नाही

राजारामपुरीतल्या क्लासपासून विद्यापीठापर्यंत, कोल्हापुरात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणारी पोरं ठामपणे सांगतात : ‘सर, इनपुटमध्ये आकडा टाकला की पायथन तो आकडा म्हणूनच ठेवतो.’ नाही ठेवत. इनपुट ही टाइप केलेलं वाचून घेणारी आज्ञा; कीबोर्डवरून आलेलं सगळं ते स्ट्रिंग म्हणून, म्हणजे निव्वळ अक्षरं म्हणून व्हेरिएबलच्या, म्हणजे माहिती ठेवायच्या नावाच्या, हवाली करतं.

मार्केट यार्डातल्या गुळाचा हिशेब घ्या. दोन रव्यांची, म्हणजे ढेपांची, वजनं विचारली, ३० आणि १०, आणि मध्ये अधिक चिन्ह दिलं. उत्तर ४० नव्हे, ३०१० येतं! एररसुद्धा येत नाही, म्हणून पोरं तासन्‌तास चूक शोधत बसतात. वजन घेतानाच इनपुटला इंटमध्ये (अक्षरांचा पूर्णांक करणारी आज्ञा) गुंडाळा; साडेनऊ किलो असेल तर फ्लोटमध्ये (दशांशाचा आकडा करणारी), कारण ‘९.५’ इंटला चालत नाही. (देवनागरी अंक मात्र दोघांनाही कळतात. मला याचं फार अप्रूप आहे.)

हा समज आला पायथन २ मधून. तिथलं इनपुट खरंच आकडा द्यायचं, पण टाइप केलेला मजकूर थेट कोड म्हणून चालवून. केवढा धोका! २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ नं ते बंद केलं. पायथन २ चा अधिकृत आधारही १ जानेवारी २०२० ला संपला. तरी जुन्या झेरॉक्स नोट्स अजून हातोहात फिरतायत.