बादलीवरचा पांढरा थर आणि शागालचं ‘डॅफ्निस आणि क्लोई’

परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी मार्क शागाल या चित्रकाराच्या ‘डॅफ्निस आणि क्लोई’ मालिकेतलं एक चित्र टाकलं, लगेच एकाचा मेसेज, ‘छापीलच आहे ना, मग झेरॉक्सला एवढे पैसे कसले?’ राहवलं नाही म्हणून हे लिहितोय.

गोष्ट लाँगस नावाच्या ग्रीक लेखकाची, साधारण दुसऱ्या शतकातली. लेस्बॉस बेटावर टाकून दिलेली दोन बाळं, डॅफ्निसला शेळी पाजते, क्लोईला मेंढी, आणि मोठी झाल्यावर शेळ्यामेंढ्या राखता राखता दोघं प्रेमात पडतात पण आपल्याला झालंय काय हेच त्यांना कळत नाही. शागाल ग्रीसला जाऊन आला आणि १९६१ मध्ये ४२ रंगीत लिथोग्राफचं पुस्तक निघालं, छपाई पॅरिसला मूर्लोच्या छापखान्यात.

लिथोग्राफ म्हणजे आपली शिळाछाप, दगडावर काढलेलं चित्र कागदावर छापायचं. बऱ्याच जणांना वाटतं दगडावर चित्र कोरतात. छे! दगड सपाट तो सपाटच राहतो, सगळा खेळ केमिस्ट्रीचा.

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा चिकट थर बसतो, बघितलाय ना? साबणातलं फॅटी अ‍ॅसिड पाण्यातल्या कॅल्शियमला धरतं आणि न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. इथे तेच होतं, फक्त कॅल्शियम दगडात असतं. दगड चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर मेण-साबणाच्या तेलकट खडूने काढलं की रेघेखाली तोच थर बसतो, त्याला पाणी नको, तेल हवं. मग बाभळीच्या जातीतला डिंक आणि थोडं नायट्रिक अ‍ॅसिड फिरवतात, त्याने कोऱ्या भागावर पाणी धरून ठेवणारा पापुद्रा बसतो. आता गंमत म्हणजे खडूचा काळा रंग टर्पेंटाइनने पुसून टाका, चित्र गायब! ओला स्पंज फिरवा, तेलकट शाईचा रोलर फिरवा, चित्र परत हजर, कारण ओल्या जागी शाई बसतच नाही.

हे शोधलं आलॉइस झेनेफेल्डरने, १७९६ च्या सुमारास, जर्मनीतल्या बव्हेरियात. दगड तिथल्याच झोल्नहोफेन गावचा, इतका बारीक कणांचा की त्याच खाणींतून आर्किऑप्टेरिक्स या पक्ष्यासारख्या प्राचीन प्राण्याच्या पिसांचे ठसे मिळाले, म्हणून त्या प्राण्याचं शास्त्रीय नावच ‘आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका’. (दगडात ‘ऊर्जा’ असते म्हणून अंगठ्या विकणाऱ्यांनी ही खरी करामत कधी सांगितली नाही.)

रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड किंवा झिंकची प्लेट. शागालच्या काही चित्रांना २० हून जास्त रंग लागले, म्हणजे तोच कागद तितक्यांदा प्रेसखालून, आणि कागद जरा जरी सरकला की सगळं वाया. शाई पातळ आणि पारदर्शक असेल तर पिवळ्यावर निळा चढवून हिरवा मिळतो. आपल्याकडे राजा रविवर्म्याचा प्रेस, आधी गिरगावात मग मळवलीला, देवादिकांची चित्रं याच तंत्राने छापायचा.

त्या ग्रुपवाल्याला सांगितलं, भिंग लाव. कॅलेंडरसारखे ओळीतले ठिपके दिसले तर ती फोटोवरून केलेली नक्कल, खडूचा अनियमित रवा दिसला तर लिथोग्राफ असायची शक्यता बरीच. खालची सही खरी का खोटी ते मात्र भिंगातून कळत नाही, आणि विकणारे सगळ्यात जास्त बोलतात ते नेमकं सहीबद्दल.