एकट्याचा विश्वास की मंडळीचा? नागपूरच्या तडजोडीमागचा इतिहास

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा परंपरांच्या प्रोटेस्टंट मंडळ्या (चर्च) एक होऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ बनल्या. पहिली बोलणी लखनौला 1929 मध्ये झाली होती. मधली 41 वर्षे बिशपपदाच्या वादात गेली, पण त्याहून अवघड गाठ होती ती बाप्तिस्म्याची.

अँग्लिकन, मेथडिस्ट आणि काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन मंडळ्या तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत. आईवडील व मंडळी बाळाच्या वतीने विश्वास कबूल करतात आणि मोठेपणी ते स्वतः कबुली देते, अशी त्यांची धारणा. बॅप्टिस्ट, ब्रदरन व डिसायपल्स यांना हे पटत नसे. पश्चात्ताप ज्याचा त्याने करायचा, मग पाण्यात उतरायचे. अशी माणसे एकत्र येतात तेव्हा मंडळी होते, विश्वासाला वारसाहक्क नसतो. हा वाद 1525 च्या झुरिकपर्यंत मागे जातो, जिथे बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या काहींनी मोठेपणी तो पुन्हा घेतला. उलट मंडळीवर भर देणारे ‘चर्चबाहेर तारण नाही’ हे वचन तर तिसऱ्या शतकातले, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन यांचे.

नागपूरने दोन्ही रिती मान्य केल्या. बालबाप्तिस्मा नको असलेल्या आईवडिलांनी बाळाचे समर्पण करावे आणि त्याने जाणत्या वयात बाप्तिस्मा घ्यावा. वाट कोणतीही असो, पूर्ण सभासद होण्याआधी स्वमुखाने कबुली हवीच. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाने पुन्हा मागितला, तर मात्र पेच होता. होकार दिला तर पहिला बाप्तिस्मा व्यर्थ ठरतो, आणि नकार दिला तर त्याच्या सदसद्विवेकाला धक्का लागतो. अनेकांनी या तडजोडीला पळवाट म्हटले. मला ती प्रामाणिक वाटते, कारण इथल्या मंडळ्यांचा अनुभवच दुहेरी होता.

1813 मध्ये मुंबईत उतरलेले आणि 1831 पासून नगरला काम करणारे अमेरिकन मिशनरी ज्या परंपरेतून आले, तिथे सभासद होण्याआधी प्रत्येकाला आपला अनुभव सांगावा लागे. त्यांच्या पूर्वजांनी 1662 मध्ये न्यू इंग्लंडात हा नियम जरा सैल केला आणि त्यावर पुढे पिढ्यान् पिढ्या भांडण चालले. नगर जिल्ह्यात मात्र, विशेषतः 1876-78 च्या दुष्काळानंतर, महार-मांग कुटुंबे एकत्र बाप्तिस्मा मागू लागली. हा खरा विश्वास की भाकरीची ओढ, असा संशय घेतला गेला. तो अन्यायाचा होता. एकट्याने निर्णय घेतला तर भावकी तुटे, सोयरीक थांबे, वाड्यात पाणी मिळणेही अवघड होई. सगळ्यांनी मिळून ठरवणे हीच तिथली विचार करण्याची रीत होती, आणि त्यात प्रत्येकाची जोखीम स्वतःचीच होती. 1956 मध्ये याच नागपुरात लाखोंनी एकत्र धम्मदीक्षा घेतली, तेव्हा तो निर्णय प्रत्येकाचा नव्हता असे कोण म्हणेल?

कॅथलिक बाजूनेही दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या 1964 च्या दस्तऐवजात स्पष्ट झाले की देवाला माणसे सुटी सुटी नव्हे, तर एक प्रजा म्हणून तारायची आहेत.

1970 नंतर पेच नव्या दिशेने आला. मुंबई-पुण्यातल्या स्वतंत्र, पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळ्यांत जुन्या घरांतली तरुण मुले पुन्हा बाप्तिस्मा घेतात. आपल्याला कळत्या वयात देव भेटला, असे ती सांगतात. आजी-आजोबांना वाटते, आम्ही दिलेला बाप्तिस्मा पोराने पुसला. पाळकाला दोघांच्याही घरी जावे लागते, आणि 1970 च्या नियमात या भेटीत काय बोलावे ते लिहिलेले नाही.