ताकदीचा व्यायाम: तालमीतून दवाखान्यापर्यंत

पुण्यात जोर-बैठका मारणे आणि मुद्गल फिरवणे हे जिम येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. शुक्रवार पेठेतील चिंचेची तालीम १७८३ सालची मानली जाते. मात्र वस्ताद पठ्ठ्यांकडून जोर काढून घेत ते कुस्तीसाठी. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत त्याला देशकार्याची जोड मिळाली. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष लोकमान्य टिळकांनी शरीर कमावण्यात घालवले, तेही प्रकृती सुधारावी म्हणून, पण असे उदाहरण विरळाच.

डॉक्टरांना जड वजनांविषयी बराच काळ धास्तीच वाटत असे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी हलक्या वजनाच्या असंख्य आवर्तनांऐवजी जड वजनाची मोजकी आवर्तने, तीही टप्प्याटप्प्याने वजन वाढवत, करायला लावली आणि १९४५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९० मध्ये बोस्टनच्या एका शुश्रूषागृहातील, सरासरी नव्वदीच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजने उचलली, तेव्हा त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी तर काठी सोडली. गट अगदी लहान होता, पण म्हातारपणी स्नायू कमावता येत नाहीत, हा समज त्यानंतर टिकला नाही.

पुण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम पुण्याच्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे. २००४ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांतही, वजन कमी असूनही, स्नायूंच्या मानाने चरबी जास्त आढळली होती. जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात, त्यामुळे सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा येथे सापडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, आणि तो चालण्या-धावण्याव्यतिरिक्त. तेव्हा रोज सकाळी पर्वती चढून येणाऱ्यांचा या बाबतीतला हिशेब अपुराच राहतो. त्यासाठी यंत्रेच हवीत असे नाही. स्वतःच्या वजनावरचे जोर आणि बैठकाही या व्यायामात धरल्या जातात.